पाऊस मोजायचा नळा

९ जून, सोमवार

आजपर्यंत माझ्या हातानं झालेल्या वस्तू: मोटार वायंडिंगचं मशीन, हातानं फिरवायचं, वेढे मोजायला सायकलचा मीटर लावलेला. हरभऱ्याची तिरप्या गाळ्याची चाळणी. गावात आता तसल्या नऊ आहेत, पहिली माझी. वारा मोजायचं यंत्र, स्टीलच्या तीन पळ्या आणि सायकलचा हब. छतावरची पवनचक्की, ट्रॅक्टरचा डायनामो आणि आठ इंची पाइप चिरून केलेली तीन पाती. तिच्यावर दोन दिवे आणि बायकोचा, उमाबाईचा, पंखा चालतो. पंखा दोन नंबरवर. आणि पाऊस मोजायचा नळा. चार इंची पीव्हीसी, तोंडाला कानशीनं धार काढलेली, आत उतरवायला मिलिमीटरची स्टीलपट्टी. नळा १ जून २०११ चा आहे. ४ जून २०२२ ला पवनचक्की बसवताना जागा पाहिजे होती म्हणून छतावरच पूर्वेला, बॅटरीच्या खोक्याशेजारी सरकवला. बाकी त्याला हात लावलेला नाही.

रोज सकाळी साडेआठला पट्टी उतरवतो, आकडा वहीत लिहितो. चौदा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मी परगावी असलो तर उमाबाई मोजते. तिचा आकडा मी पेन्सिलनं लिहितो.

हे कोणी शिकवलं नाही. शाळा नववी. नंतर मुदखेडला स्टेशनबाहेर वायंडिंगच्या दुकानात चार वर्षं होतो. मालक गिऱ्हाइकाकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून वेढे द्यायचा, दुसऱ्यानं शिकू नये म्हणून. मी खांद्यावरून बघून शिकलो.

पावसाच्या वहीत फक्त आकडे असतात. बोलणं मी तिच्यात लिहीत नाही. पण सध्या गावात बोलणंच जास्त आहे, म्हणून ही दुसरी वही.

पलीकडच्या माळावर २०२२ मध्ये कंपनीच्या अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना पंखे म्हणतात. आता आमच्या माळावर नऊ करायच्या आहेत. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. सभा १५ ऑगस्टला, झेंडावंदनानंतर. अर्धं गाव म्हणतं, पंखे आले तसा पाऊस गेला, पाती ढग पांगवतात. अर्धं म्हणतं, माळाचं भाडं मिळतंय तर घ्यावं. एक गोष्ट दोन्ही बाजू म्हणतात. भुजंग मिस्तरीची वही बघा. म्हणजे माझी.

१३ जून, शुक्रवार

शिवशंकरच्या खत-बियाण्याच्या दुकानापुढं बैठक झाली. पंखे नको म्हणणाऱ्यांचा तो म्होरक्या. कंपनीकडून जमिनीचं काम बघणारा सत्यम लातूरहून आला होता. वय तिशीच्या आतबाहेर, बूट स्वच्छ.

ज्ञानोबाची तक्रार अशी की पलीकडच्या पंख्यांच्या आवाजानं त्याची म्हैस पान्हवत नाही. मागून कोणी तरी म्हणालं, "ती तुझ्या आवाजानं तरी कवा पान्हवली?" लोक हसले. ज्ञानोबा पण हसला, पण तक्रार मागं घेतली नाही.

सत्यम म्हणाला, ढग हजार-दीड हजार मीटर वर असतात आणि पातं दोनशे मीटरच्या आतच संपतं.

शिवशंकर म्हणाला, "तुमचा पगार कंपनी देती, ढगाची उंचीबी तीच सांगती."

चतुराबाई बायकांच्यात मागं बसली होती. आमची शेजारीण, नवरा जाऊन सात वर्षं झाली. माळावर तिचं तीन एकर रान आहे, नुसता मुरूम. चार नंबरचा पंखा त्यात यायचा आहे. ती म्हणाली, "ढग काय म्हशी हायत का, पंख्याला बिचकून पळायला?"

"काकू, तुम्हाला भाडं मिळणार. तुम्हाला ढग कशाला लागतो?"

"माझ्या रानात ढग येऊन तरी काय करतो? हुलगा उगवतो अन् माघारी जातो. मला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं न्हाई आता. गुडघे गेले माझे. एवढंच हाय माझं."

ती दर वर्षी शिवशंकरच्याच सोयाबीनमध्ये खुरपायला जाते, हे सगळ्यांना माहीत आहे.

मग शिवशंकर माझ्याकडं वळला. "मामा, वही काय म्हणती?"

बेरीज करून सांगतो म्हणालो. मत विचारलं तर मला मत नाही. माझ्याकडं मोजमाप आहे.

२१ जून, शनिवार

उमाबाईनं अंगणात घमेलं ठेवलं होतं. सकाळी म्हणाली, "तुमच्या नळ्यापरीस माझ्यात जास्त पडलाय." तिला समजावून सांगितलं की घमेल्याच्या कडा तिरप्या असतात, तोंड मोठं आणि बूड लहान, त्यामुळं पाणी उंच दिसतं. पाऊस मोजायला भांडं वरपासून खालपर्यंत सारखं पाहिजे.

"मग तेलाचा डबा ठिवते. तो तर सरळ हाय ना?"

ठेव म्हणालो.

२८ जून, शनिवार

बेरजा पूर्ण झाल्या. तीन वेळा केल्या, तिसऱ्यांदा खालून वर. २०११ ते २०२१, जून ते सप्टेंबर, सरासरी ७८३ मिलिमीटर. २०२२, २३, २४ ची सरासरी ६०९. फरक १७४. शंभराला बावीस.

मला स्वतःला ढग पांगण्याचं पटलं नव्हतं. पण आकडा आकडा आहे.

शिवशंकरला कागद दिला. त्यानं तो कपाळाला लावला. चारच दिवसांत अहमदपूरहून बॅनर छापून आणतो म्हणाला, माझ्या फोटोसकट.

३ जुलै, गुरुवार

बॅनर आला. वर "पंखे आले, पाऊस गेला", खाली माझा फोटो आणि आकडे. फोटो बरा आहे. ६०९ च्या जागी ६९० छापलेलं होतं. परत पाठवला. शिवशंकर म्हणाला, "मामा, कोण बघतंय?" मी म्हणालो, मी बघतोय. नवा बॅनर उद्या.

६ जुलै, रविवार

सत्यम घरी आला. तालुक्याच्या कागदांवरून महसूल मंडळाच्या पावसाचे आकडे काढून आणले होते. त्यात २०२२ नंतर घट नाही. मी त्याला सांगितलं, मंडळाचं यंत्र इथून अकरा किलोमीटरवर आहे आणि ते जास्त दाखवतं. त्याबद्दल मी तहसीलला तीन पत्रं लिहिली आहेत. २०२२, २३ आणि २४. पोचपावत्या दाखवल्या.

त्यानं पावत्या नीट वाचल्या. मग म्हणाला, "सर, नळा बघता येईल का?"

छतावर नेलं. त्यानं सगळं लक्ष देऊन पाहिलं. पात्यांचा पीळ कसा काढला ते विचारलं. पाइप तापवून, सांगितलं. मग पत्र्याच्या खोक्याजवळ उभा राहिला.

"हा कशाचा?"

"बॅटरीचा. पाच फूट उंच, चार रुंद. पत्रा बावीस गेज."

"कधीचा?"

"चार जून दोन हजार बावीस."

नळ्यापासून खोक्यापर्यंत त्यानं बुटाची पावलं टाकली. दोन भरली. मग पश्चिमेकडं पंख्यांच्या माळाकडं बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, काय? तो म्हणाला, "काही नाही सर. काम फार सुबक आहे." चहा घेऊन गेला.

पोरगा शिकलेला आहे, नम्र आहे. हातानं काही केलेलं दिसत नाही.

१० जुलै, गुरुवार

काल वाऱ्यासकट पाऊस. नळ्यात ३१. लिहिलं. खाली आलो तर उमाबाई तेलाच्या डब्यात बोटं बुडवून उभी. "माझे हे बघा, वरच्या पेरापस्तोर. तुमचं किती?"

पट्टी आणून मोजलं. ४३.

कारणं: एक, अंगणात छपराचं पाणी उडतं. दोन, डबा चौकोनी आहे. (चौकोनी असण्यानं काही फरक पडत नाही. हे लिहिल्यावर लक्षात आलं. शाईनं लिहिलेलं मी खोडत नाही.)

१२ जुलै, शनिवार

राहिलेल्या पाइपातून दुसरा नळा केला. तीच लांबी, तीच धार. आमच्या घरामागं साठ पावलांवर चतुराबाईचं मोकळं परडं आहे. झाड नाही, भिंत नाही. तिथं रोवला. ती खुरपायला गेली होती, म्हणून विचारता आलं नाही.

२० जुलै, रविवार

आठवड्याचे आकडे. आधी छत, मग परडं.

सोमवार १४ आणि १९. बुधवार ९ आणि ९. गुरुवार २२ आणि ३०. आज २९ आणि ४१.

बुधवारी वारा नव्हता, पळ्यांचं यंत्र उभं होतं. बाकी तिन्ही दिवस पश्चिमेचा वारा होता.

२७ जुलै, रविवार

नळ्यांत फरक असेल म्हणून अदलाबदल केली. नवा छतावर, जुना परड्यात. गुरुवारी छत १७, परडं २३. काल छत ३३, परडं ४५.

म्हणजे नळा बरोबर आहे. जागा चुकली. आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो आणि नळ्याच्या पश्चिमेला, दोन पावलांवर, पाच फुटांचा पत्रा उभा आहे. त्याच्या आडोशाला तीन वर्षं पाऊस मोजत होतो. खोका माझा, चक्की माझी, जागा मी ठरवलेली. लोक म्हणतात पवनचक्कीनं पाऊस अडवला. एका पवनचक्कीनं अडवला खरा. तिच्यावर उमाबाईचा पंखा चालतो.

सत्यमनं पावलं टाकली होती ते आज आठवलं. त्याला तेव्हाच कळलं होतं. बोलला का नाही, कळत नाही.

एक विचार आला तोही लिहितो. खोका काढून टाकला तर कोणालाच कळणार नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

शिवशंकरला दुकानात जाऊन सगळं सांगितलं. तो युरियाची गोणी शिवत होता. दाभण बाजूला ठेवून ऐकलं.

"हे कोणाकोणाला ठाऊक हाय?"

"मला. उमाबाईला डब्यापुरतं."

"मामा, खरं सांगू का? पावसाचं मलाबी पटत न्हाई. पण त्यांचा रस्ता माझ्या रानाच्या वरच्या अंगानं जाणार. ओढा बुजणार. पाणी रानात घुसणार. ओढ्यासाठी गावातला कोण हात वर करील? पावसासाठी सगळे करतेत."

"मग ओढ्याचं सांग."

"तुम्ही वही वाचा फक्त. खोक्याचं काढू नका. आकडे खोटे थोडेच हायत? नळ्यात पडलं तेवढंच लिवलं ना तुम्ही?"

खरं आहे. जेवढं पडलं तेवढंच लिहिलं. आकडा एकही खोटा नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

शिवशंकरचं वाक्य मला दोन दिवस पटलं होतं. हे लिहून ठेवतो.

आज चतुराबाई परड्यात भेटली. विळा हातात, कामावर निघालेली. नळ्याकडं बघून म्हणाली, "भुजंगभाऊ, हे काय पेरून ठिवलंय माझ्या परड्यात?"

"तपासून राहिलो."

"तपासा. माझं काही खात न्हाई ते. पण एक सांगा. बॅनरवरचा आकडा खरा हाय का?"

"मी माझ्या हातानं लिहिलाय."

"ते न्हाई इचारलं मी."

थोडी थांबली. मग ती गेली. जाताना डावा पाय आधी टाकते आणि उजवा ओढून घेते. पूर्वी असं नव्हतं. किती दिवसांपासून आहे ते मला सांगता येणार नाही, मी ते कधी पाहिलं नव्हतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी ओढा मोजला. शिवशंकरच्या वरच्या बांधाशी रुंदी अकरा फूट, खोली साडेतीन. रस्ता आला तर तीन फुटी सिमेंटच्या तीन नळ्या तरी टाकाव्या लागतील. दोन पुरणार नाहीत.

संध्याकाळी तहसीलला चौथं पत्र लिहिलं. आधीची तिन्ही पत्रं मागं घेत आहे, मंडळाचं यंत्र बरोबर आहे, चूक अर्जदाराच्या छतावर आहे. चार ओळींच्या पत्राला चार कागद गेले.

सभेत सांगायचं ठरवलं. उमाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सांगा. बॅनरवर फोटो हाय तुमचा, तेवढा आधी काढून घ्या."

८ ऑगस्ट, शुक्रवार

लातूरला गेलो. काचेचं मोजपात्र घ्यायचं होतं, शाळा-कॉलेजांना सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं. सत्यमचा फोन आला, भेटायचं म्हणाला. बसस्टँडसमोर जेवलो. माझ्या ताटाचे पैसे मी दिले.

त्याला विचारलं, त्या दिवशी छतावर बोलला का नाहीस. तो म्हणाला, "सर, मी सांगितलं असतं तर तुम्ही मला जिन्यावरून खाली पाठवलं असतं." हे बरोबर आहे.

मग त्यानं त्याचं बोलणं काढलं. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, सभेपर्यंत विचार करा. मी म्हणालो, विचार पाच तारखेलाच झालेला आहे. त्याला ते कळलं असं वाटलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी साडेआठला छत ०, परडं ०.

सभा शाळेच्या पटांगणात, सव्वाअकराला सुरू. शिवशंकरनं बॅनर स्टेजच्या डाव्या अंगाला बांधला होता. त्यानं माझं नाव पुकारलं. मी वही घेऊन उभा राहिलो आणि चौदा वर्षांचे आकडे वाचले. ६०९ वाचला तेव्हा मागं टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर म्हणालो, शेवटची तीन वर्षं धरू नका. मग खोका, वारा, दोन नळे, अदलाबदल, सगळं क्रमानं सांगितलं. पंख्यांनी पाऊस कमी केला असं माझी वही म्हणत नाही, आणि केला नाही असंही तिच्या भरवशावर कोणी म्हणू नये. तीन वर्षांची माझी वही कोणत्याच बाजूच्या कामाची नाही.

लोकांना पटकन कळलं नाही. ज्ञानोबानं विचारलं, "म्हंजे पाऊस पडला व्हता म्हणता?"

"पडला होता. माझ्या नळ्यात नव्हता."

कोणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. पुढच्या रांगेतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मिस्तरीनं तीन वर्सं सावलीत पाऊस मोजला." हे आता गावात राहणार.

हसणं थांबल्यावर ओढ्याचं सांगितलं. अकरा फूट, साडेतीन फूट, तीन नळ्या. हे ठरावात घातल्याशिवाय रस्ता देऊ नये असं म्हणालो. ग्रामसेवकानं लिहून घेतलं.

बसायला वळलो तेव्हा शिवशंकर बोलला. मोठ्यानं नाही, पण माइक चालू होता.

"मामा, किती घेतले?"

चतुराबाई माझ्याकडं बघत होती. उमाबाई पण. मला उत्तर देता आलं असतं. पण आकडा सांगितला असता तर देऊ केलं होतं हे खरं ठरलं असतं, आणि घेतलं नाही याची पावती माझ्याकडं नव्हती. मी बसलो.

हात वर करून मतदान झालं. ग्रामसेवकानं "बहुमतानं" एवढंच लिहिलं. मी दोनदा मोजले. बाजूनं १२६, विरोधात ९७. तीन नळ्यांची अट ठरावात आहे. चतुराबाईचा हात सगळ्यांत आधी वर गेला आणि सगळ्यांत शेवटी खाली आला. मी कोणत्याच बाजूला हात वर केला नाही. उमाबाईनं विरोधात केला.

घरी येताना विचारलं, खोट तर तुझ्या डब्यानं काढली, मग विरोध कामून?

"पावसाचं न्हाई. आवाजाचं. छतावरचा तुमचा एक ऐकून राहिले तीन वर्सं."

१७ ऑगस्ट, रविवार

वहीत ४ जून २०२२ पासूनच्या प्रत्येक पानावर लाल शाईनं "आडोसा" लिहिलं. आकडे बदलले नाहीत. खरा पाऊस किती होता ते आता कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. उमाबाईचे पेन्सिलचे आकडे शाईनं गिरवले. चौदा वर्षांत एकशे बारा निघाले.

जुना नळा परड्यात कायमचा रोवला, सिमेंट घालून. चतुराबाईनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "लोक काहीबी बोलतेत, भाऊ." काय बोलतात ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पर घेतले असते तर काय बिघडलं असतं? खरंच तर बोलायचं व्हतं." मी सिमेंटची पातळी बघत होतो. तोंड सगळ्या बाजूंनी सारखं पाहिजे, नाही तर पाणी एकीकडून जास्त येतं.

दुकानावरून जाताना शिवशंकर आता मामा म्हणत नाही. मिस्तरी म्हणतो.

सत्यमनं ८ तारखेला जे सांगितलं ते दुसरीकडं कुठं लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. कंपनी गावात सरकारी मापाचा नवा पर्जन्यमापक बसवणार होती. त्याचा निरीक्षक मी. काम रोज साडेआठला एक आकडा लिहायचं, जे मी चौदा वर्षं फुकट करतो आहे. अट एक: ग्रामसभेत उभं राहून माझी वही चुकली आहे असं सांगायचं. महिना पंधरा हजार, तीन वर्षं. एकूण पाच लाख चाळीस हजार रुपये.